‘सांगली आणि तासगावचे सौदे’ : असर्शनमध्ये ‘अँड’ लिहावे की ‘ऑर’?

शंका : बेदाणा सौद्यांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या प्रणालीच्या मागणीपत्रात ‘सांगली आणि तासगावचेच सौदे यादीत यावेत’ असे वाक्य आहे. त्यावरून सहकाऱ्याने प्रत्येक सौद्यासाठी ‘बाजार सांगली अँड बाजार तासगाव’ असे असर्शन (निकाल अपेक्षेप्रमाणे आहे का हे तपासणारे कोडमधील विधान) लिहिले असून ती युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या भागाची आपोआप होणारी चाचणी) कधीच पास होत नाही. येथे ‘आणि’चा अर्थ काय घ्यावा?

उत्तर : मराठीत ‘आणि’ कधी अटी जोडते, तर कधी वस्तूंची नुसती बेरीज करते, आणि आपल्या वाक्यात ते दुसरे काम करत आहे. टेस्ट मात्र एकेका सौद्याची तपासणी करते. एकच सौदा दोन्ही बाजारांत होत नसल्यामुळे कोडमध्ये तेथे ‘ऑर’च हवे.

‘किंवा’ याहून घातक आहे. ‘बेदाण्याची प्रत १ किंवा २ असावी’ या वाक्यात शेवटचे ‘असावी’ दोन्ही आकड्यांना लागू होते, परंतु पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘प्रत == १ ऑर २’ असे लिहिल्यास तुलना फक्त १ शी होते आणि उरलेला २ शून्येतर म्हणून खराच धरला जातो. अशी टेस्ट प्रत ७ असली तरी पास होते, आणि पास झालेल्या टेस्टकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. दोन्ही तुलना पूर्ण लिहाव्यात किंवा ‘इन’ (किंमत दिलेल्या यादीत आहे का हे पाहणारा शब्द) वापरावे.

वजन बरोबर आणि अडतही बरोबर, अशा खऱ्याखुऱ्या ‘आणि’च्या ठिकाणीसुद्धा दोन्ही अटी एका ‘असर्टट्रू’त (अट खरी आहे का एवढेच पाहणाऱ्या असर्शनात) कोंबू नयेत, कारण टेस्ट फेल झाल्यावर ‘ट्रू अपेक्षित होते, फॉल्स मिळाले’ एवढेच कळते. चूक वजनात की अडतीत, हे शोधत बसावे लागते. जावा भाषेसाठीच्या जेयुनिट ५ या चाचणी-साधनातील ‘असर्टऑल’ प्रत्येक असर्शन चालवून सर्व चुका एकत्र दाखवते. पायथॉनचे चाचणी-साधन पायटेस्ट अटींमधील प्रत्यक्ष मूल्ये दाखवते खरे, पण ‘अँड’मधील पहिली अट खोटी निघाली की पायथॉन दुसरीकडे जातच नाही.

पुरवणी : नकाराचाही विचार व्हावा. ‘वजन किंवा दर शून्य नसावा’ म्हणजे दोन्ही शून्य नसावेत, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही, पण ‘वजन != ० ऑर दर != ०’ (‘!=’ म्हणजे समान नाही) हे असर्शन दोहोंपैकी एक शून्य असला तरी पास होते. मदुराईत १८०६ मध्ये जन्मलेल्या गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार नकार आत नेताना ‘ऑर’चे ‘अँड’ होते. त्यामुळे मागणीपत्रातच ‘वजन शून्य नसावे आणि दरही शून्य नसावा’ असे लिहून घ्यावे.