मदत हवी आहे: एकाच डोंगरावरचं रोशा गवत, तेलं मात्र दोन तऱ्हेची. रिपोर्ट कसा वाचायचा?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाला सातपुड्यातलं रोशा गवत घेतलंय, म्हणजे आपली तिखाडी. त्याचं तेल बाजारात पामरोझा म्हणून विकतात. मामांची तळोद्याकडे छोटी भट्टी आहे, त्यामुळे विषय आयता मिळाला आणि आता अंगाशी आलाय.

नोव्हेंबरात गवत फुलोऱ्यात असताना दोन जागी कापलं. 'अ' वरच्या उघड्या, खडकाळ उतारावरचं, 'ब' खाली नाल्यालगत झाडीतलं. दोन्ही क्लेव्हेंजरमध्ये (वाफेने तेल काढायचं काचेचं उपकरण) तीन-तीन तास चालवलं, सोडियम सल्फेटने तेलातलं पाणी काढलं. 'अ'चा थेंब मनगटावर घेतला की सरळ गुलाब. 'ब' उग्र, आल्यासारखं, मागे किंचित शहाजिरं.

जीसी-एमएस (तेलातले घटक वेगळे करून ओळखायची चाचणी) बाहेरून करून आणलं. 'अ'मध्ये गुलाबाचा वास देणारं जिरॅनिऑल ८० टक्क्यांच्या आसपास, मग जिरॅनिल ॲसिटेट. 'ब'मध्ये जिरॅनिऑल निम्म्याहून कमी, वर लिमोनीन, कार्व्होन आणि पेरिलिल अल्कोहोल. अडचण अशी की यंत्राची लायब्ररी (ओळखीच्या रेणूंचा साठा) एकाच पीकला, म्हणजे आलेखातल्या टोकाला, जिरॅनिऑल ९५ आणि नेरॉल ९४ असा मॅच देते. कुठलं धरू? शिवाय शेवटाकडे एक ठसठशीत पीक आहे, त्यात १४९ वस्तुमानाचा तुकडा सगळ्यात वर. हे कुठलं टर्पीन (सुगंधी तेलांत असतात तसला रेणू)?

खरं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने मामांचा अख्खा कॅन 'भेसळ आहे' म्हणून परत पाठवला. मामा तेव्हापासून खट्टू आहेत. 'ब' पाहून मला वाटतंय, त्या कॅनचंही हेच झालं असेल का?

काचनळी:
आधी १४९. ते टर्पीन नाही, थॅलेट आहे, प्लास्टिक मऊ करायला घालतात ते. तेल कशात भरलं होतंस? हे गवतातलं नाही, तक्त्यातून काढून टाक.

आता नेरॉल-जिरॅनिऑल. दोघंही १५४ वजनाचे, यंत्रात तुटतातही जवळपास सारख्याच तुकड्यांत (६९, ४१, ९३), म्हणून लायब्ररी गोंधळते. नुसत्या मॅचवर नाव लिहिलंस तर परीक्षक उभा चिरेल. त्याच तापमान-प्रोग्रॅमवर सी८ ते सी२० अल्केनचं (८ ते २० कार्बनच्या सरळ साखळ्यांचं) मिश्रण चालवून घे आणि रिटेन्शन इंडेक्स काढ, म्हणजे घटक कधी बाहेर पडतो त्याचा अल्केनच्या मापाने क्रमांक. ५ टक्के फिनाइलच्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) नेरॉल १२२८च्या आसपास, कार्व्होन १२४३, जिरॅनिऑल १२५०च्या पुढे. अंतर छोटं आहे पण पुरतं. आणि हे टक्के एमएसच्या क्षेत्रफळावरून आले असतील तर ते टक्के म्हणून मिरवू नकोस. एफआयडीवर (प्रमाण मोजायचा ज्योतीचा डिटेक्टर) पुन्हा चालव.

रानभुल्या:
'ब' भेसळ नाही हो, ती सोफिया आहे! रोशाच्या दोन जाती धंद्यात पूर्वीपासून चालत आल्यात. मोतिया निचऱ्याच्या उघड्या उतारावर विरळ वाढते, तिचं तेल पामरोझा. सोफिया सखल, ओलसर, झाडीच्या जागी दाट माजते, तिच्या तेलाला जिंजरग्रास म्हणतात आणि भाव कमी. तुझं नाक बरोबर बोललं, शहाजिऱ्याच्या वासामागे कार्व्होनच असतं. गवत उभं असताना पान बघायचं: सोफियाचं पान दांड्याशी अरुंद कोन करतं, मोतियाचं चांगलं बाहेर फाकलेलं असतं.

गंमत म्हणजे पामरोझा तेल एके काळी मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानला आणि पुढे बल्गेरियाला जायचं, गुलाबाच्या अत्तरात मिसळायला. युरोपात नाव पडलं 'टर्किश जिरॅनियम ऑइल'. तुर्कस्तानात ते तेल बनत मात्र नव्हतं.

काचनळी:
+१. तरी कॅनचा निकाल वासावर नको. रोशात मिसळतात ती रॉकेल, टर्पेंटाइन असली स्वस्त तेलं. रॉकेल असेल तर क्रोमॅटोग्राममध्ये (जीसीच्या आलेखात) कंगव्याच्या दातांसारखी एकसारख्या अंतरावर पीकं दिसतात, टर्पेंटाइन असेल तर सुरुवातीलाच अल्फा-पायनीन डोकं वर काढतं. साधी चाचणी: एक भाग तेलात तीन भाग ७० टक्के अल्कोहोल घालून हलव. शुद्ध पामरोझा स्वच्छ विरघळतं, रॉकेल किंवा खोबरेल असेल तर गढूळ होतं.

धागाकर्ती:
काचनळीदादा, कबूल करते, दोन्ही तेलं कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून एसटीने आणली होती 🙈 आता अंबर काचेच्या बाटल्या घेतल्यात. अल्केन मिश्रण शेजारच्या विभागात मिळालं, सोमवारी चालवते.

'ब'मध्ये कंगवाही नाही आणि पायनीनही नगण्य. काल मामांना फोन केला, पानाचं विचारलं. ते म्हणाले, "नाल्याकडचं पान वर गेलेलं असतं, आडवं नाही. कापायला मजूर आधी तिथेच जातात, दाट असतं ना, भारा पटकन होतो." परत आलेल्या कॅनच्या वेळी दोन्हीकडचे भारे भट्टीवरच्या एकाच देगेत (मोठ्या भांड्यात) गेले होते. तळाशी थोडं तेल अजून आहे, तेही आणतेय. यंदा देगा वेगळ्या लावतील, पण सोफियाला गिऱ्हाईक कुठे शोधायचं ते विचारतायत. कुणाला माहीत आहे का?