पगार घेऊन बेसबॉल खेळणाऱ्या बायका खरंच होत्या?

इंदूरची आजी: नात शाळेत सॉफ्टबॉल खेळते. काल पोहे खाता खाता म्हणाली, "आजी, अमेरिकेत बायकांना बेसबॉलचा पगार मिळायचा." मी हसले. खरं आहे का हो?

सराफ्यातला: अगदी खरं, काकू. १९४३ ते १९५४ मुलींची लीग होती. च्युइंगगमवाल्या रिग्लीने काढली, कारण पुरुष खेळाडू युद्धावर जात होते. सुरुवातीला चेंडू १२ इंच घेराचा आणि खालून टाकायचा, म्हणजे तुमच्या नातीचंच सॉफ्टबॉल म्हणा ना. १९४८पासून हात वरून फिरवून फेकायला लागल्या. आणि गणवेश काय, तर आखूड स्कर्ट! त्यात घसरत बेस गाठायचा, मांड्या सोलून निघायच्या. वर लिपस्टिक सक्तीची.

इंदूरची आजी: अगं बाई! आम्ही नऊवारीत लंगडी खेळलो ते बरं म्हणायचं.

ग्वाल्हेरकर: त्या लीगमध्ये काळ्या मुलींना घेत नसत, तेही नातीला सांगा. टोनी स्टोन ही काळी खेळाडू १९५३मध्ये थेट पुरुषांच्या निग्रो लीगमध्ये, म्हणजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगमध्ये, इंडियानापोलिस क्लाउन्स संघाकडून सेकंड बेसवर क्षेत्ररक्षणाला उभी राहिली.

इंदूरची आजी: पुरुषांत? थांबा, नातीला हाक मारते.