वॉशिंग्टनची नेमणूक संपली, आता कोल्हापूर: काय आणावं, काय सोडावं?

प्रश्न: ऑगस्टमध्ये दूतावासातली नेमणूक संपतेय. गावी यायचा आनंद आहे, पण इथलं घर मोडताना जीव तुटतो. मिक्सर, वॉशिंग मशीन आणावं का?

उत्तर १: मशीन नकोच. तिकडे वीज 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ (सेकंदाला 60 आवर्तनं). इथं 230, 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळं वॉशिंग मशीनमध्ये असते ती इंडक्शन (बिनब्रशची) मोटर सहाव्या हिश्श्यानं मंदावते नि तापते. मिक्सरची ब्रशवाली मोटर मात्र चालते. ट्रान्सफॉर्मर तिच्या वॅटच्या दीडपट घ्या. चार्जरवर 100-240 असेल तर नुसती पिन बदला.

उत्तर २: ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा! पुस्तकांच्या खोक्यात सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या) पुड्या घाला. गोदाम पंचगंगेकाठी नको, 2019 आणि 2021 चा महापूर आठवा.

उत्तर ३: जीव तुटतो त्यावर: पोरांच्या मित्रांचे पत्ते आधी लिहून घ्या. पोरांच्या वस्तूंचं एक खोकं विमानानं, सोबतच आणा. जहाजानं येणाऱ्या सामानाच्या कंटेनरची वाट बघत परकं घर जास्त परकं वाटतं.