क्रुशेव्हो : दहा दिवसांच्या पलीकडचे

उत्तर मॅसिडोनियातील क्रुशेव्हो या गावाबद्दलच्या एका प्रतिसादात त्याची ओळख १९०३ च्या ऑगस्टमधील दहा दिवसांच्या प्रजासत्ताकापुरतीच दिली आहे. निकोला कारेव्हच्या नेतृत्वाखाली उस्मानी सत्तेविरुद्ध उभे राहिलेले ते प्रजासत्ताक आणि चेरीच्या लाकडाची बंडखोरांची तोफ यांचे मोल कमी नाही. पण थोडी भर घालावीशी वाटते.

सुमारे १३५० मीटर उंचीवरच्या या गावाला आकार दिला तो मुख्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या अल्बेनियातील मोस्कोपोले उद्ध्वस्त झाल्यावर इकडे आलेल्या व्लाख, म्हणजेच आरोमानियन, व्यापारी-कारागिरांनी. बंडात मेच्किन कामेनच्या लढाईत पडलेला पितू गुली हाही व्लाखच.

तिथली नगरपालिका आपल्यासारखी शहराच्या हद्दीत संपत नाही. आसपासची खेडीही तिच्यात येतात, त्यामुळे आपल्या तालुक्याची कल्पना अधिक जवळची ठरेल. २००२ च्या जनगणनेनुसार नगरपालिकेच्या सुमारे ९,७०० लोकसंख्येत व्लाख जेमतेम हजारभर होते. एखाद्या समाजाचे प्रमाण वीस टक्क्यांहून कमी असल्यास त्याच्या भाषेचा निर्णय स्थानिक परिषदेवर सोपवणाऱ्या कायद्यामुळे आरोमानियन भाषेला येथे अधिकृत दर्जा मिळाला आहे, आणि माझ्या मते ही गोष्ट १९७४ साली उभारलेल्या, पांढऱ्या गोलाकार ‘मकेडोनियम’ स्मारकाइतकीच पाहण्याजोगी आहे.