कॅरोटिडच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी डोकं ठणकतंय, सकाळपर्यंत थांबू का?

बाबा ६८ वर्षांचे. मानेतली डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी धमनी, ९० टक्के बंद होती, ती उघडून आतला थर काढला. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. काल अगदी ठणठणीत होते. आज संध्याकाळपासून डाव्या डोळ्याच्या वर ठणका. 'नाडी डोक्यात ऐकू येतेय' म्हणतात. आडवं झालं की वाढतं, उशांना टेकून बसवलं की जरा बरं. बीपी १७२/९६, अर्ध्या तासाने वरचं १७८. पॅरासिटॅमॉल दिली, काही फरक नाही. टाके कोरडे आहेत. डिस्चार्ज कार्डावरचा फोन कुणी उचलत नाहीये. जागरणाने दुखत असेल का?

निशाचर: थांबू नका, आत्ता निघा. ऑपरेशनच्याच बाजूचं डोकं आणि चढतं बीपी, हे जागरणाचं नाही. सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी न्या आणि दारातच सांगा, 'पाच दिवसांपूर्वी कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी झालीय' (तुमच्या ऑपरेशनचं नाव). बीपीची जादा गोळी आपल्या मनाने देऊ नका, रक्त पातळ करणारी बंदही करू नका. फिट आली तर कुशीवर वळवा.

धागाकर्ती (दुसऱ्या दिवशी): रात्रीच नेलं. रक्तस्राव नाही, डावीकडे थोडी सूज आहे. 'हायपरपरफ्यूजन' म्हणाले. आयसीयूत ड्रिपवर आहेत, वरचं बीपी १४०च्या खाली ठेवतायत. मला वाटलं होतं धमनी परत बंद झाली. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तर ती छान उघडी दिसतेय! मग त्रास कशाचा?

निशाचर: उघडी आहे म्हणूनच. इतकी वर्षं अडथळ्याच्या पलीकडे रक्त कमी दाबाने पोचत होतं. जेवढं येईल तेवढं ओढून घ्यायला मेंदूतल्या बारीक धमन्या सदानकदा पूर्ण रुंदावलेल्या. दाब वाढला की आकसायचं, ही त्यांची सवयच मोडलेली असते. अशात अचानक पूर्ण जोराचा प्रवाह आला (हेच हायपरपरफ्यूजन) की सूज येते, फिट येते, क्वचित धमनी फुटते. त्या फुटण्याचीच खरी भीती, म्हणून बीपीवर एवढा पहारा. शिवाय मानेत कॅरोटिड जिथे दुभंगते तिथेच बीपीची खबर मेंदूला देणाऱ्या नसा असतात. ऑपरेशनमध्ये त्या दुखावल्या की बीपी उड्या मारतं. शंभरात एक ते तीन जणांना हा त्रास होतो, बहुतेक पहिल्या आठवड्यात, पण महिनाभर लक्ष ठेवा.

धागाकर्ती: आज बीपी १३२. 'डोक्यातले ठोके थांबले' म्हणाले, वर चहा मागितला. घरी आल्यावर बीपी किती वेळा मोजू?

निशाचर: रोज किती वेळा ते डॉक्टर सांगतील, निदान सकाळ-संध्याकाळ तरी. आधी पाच मिनिटं शांत बसवून, आणि वहीत लिहून. कितीच्या वर गेलं की यायचं तो आकडा कार्डावर लिहून घ्या. आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबरही.