भिंतीपलीकडे गेलेली वेल

कुणीतरी विचारलं की अमेरिकेतल्या सोरॉरिटीमधलं, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या भगिनीमंडळातलं, नातं कॉलेज संपलं की संपतं ना? कृष्णवर्णीय बायकांच्या सोरॉरिटींपुरतं सांगते, कारण माझी शेजारीण अल्फा कप्पा अल्फाची होती. तिथलं सभासदत्व जन्मभराचं. ही संघटना १९०८ साली आणि डेल्टा सिग्मा थीटा १९१३ साली, दोन्ही वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात सुरू झाल्या. पदवीनंतर आपल्या गावातल्या पदवीधर शाखेत काम करायचं. एकमेकींना हाक 'सोरॉर', म्हणजे बहीण.

गेलेल्या बहिणीला अल्फा कप्पा अल्फावाल्या 'आयव्ही बियॉन्ड द वॉल' म्हणतात. आयव्हीचं पान ही त्यांची खूण. वेल भिंतीपलीकडे गेली, एवढंच. डेल्टावाल्यांकडे ती 'ओमेगा ओमेगा' शाखेत जाते. ओमेगा हे ग्रीक लिपीतलं शेवटचं अक्षर. म्हणजे गेली तरी शाखेतच! मला हे फार आवडतं.

शेजारीण गेली तेव्हा चर्चमध्ये पांढऱ्या कपड्यांतल्या वीसेक बायका रांगेने आल्या. एक तर वॉकर टेकत, कुणाचा हात न धरता. गाणं म्हणताना तिचा आवाज फुटला, तशी बाजूच्या दोघींनी तिची ओळ उचलून धरली. बाहेर पडताना तिनेच पर्समधून छोटी वही काढली आणि शेजारणीच्या मुलीचा नंबर लिहून घेतला. दोन वर्षं झाली, दर रविवारी त्या मुलीला तिचा फोन येतो.