मदत हवी आहे: रॅम दुप्पट केली तरी प्रोग्राम १.८ जीबीपाशीच अडतो

गावनकाशा: आमच्या गावाच्या जुन्या नकाशाचे बावीस तुकडे स्कॅन करून एका जुन्या प्रोग्राममध्ये जोडत आहे. सतरावा तुकडा उघडला की ‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येतो आणि तासाभराचे काम पाण्यात जाते. रॅम ४ जीबीची ८ जीबी केली, तरी काडीचा फरक पडला नाही. परवा भावकीच्या बैठकीत नकाशा दाखवायचा आहे, कृपया लवकर सांगावे.

सांजवारा: विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट? तुकडे किती डीपीआयचे (इंचाला किती ठिपके) आहेत?

नदीकाठ: पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची जी फाइल वापरते ती) १६ जीबी करा, माझे काम त्यानेच झाले होते.

गावनकाशा: ए-फोर, रंगीत, ६०० डीपीआय. डिस्कवर एकेक फाइल जेमतेम ८ एमबीची आहे. विंडोज ७, ३२ बिट.

सांजवारा: डिस्कवर दाबून ठेवलेला तोच तुकडा उघडल्यावर मेमरीत सुमारे १०४ एमबी जागा घेतो, म्हणजे सतरा तुकड्यांचे पावणेदोन जीबी झाले. ३२ बिटांत ४ जीबीपुरतेच पत्ते (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) बसतात आणि त्यांतले अर्धे विंडोज स्वतःकडे राखते, त्यामुळे एका प्रोग्रामच्या वाट्याला २ जीबीच येतात. पेजफाइल वाढवून हे पत्ते वाढत नाहीत.

जुनाजाणता: असहमत. १९९५ च्या पेंटियम प्रो प्रोसेसरपासून पीएई (३२ बिट यंत्रात ४ जीबीहून जास्त रॅम वापरण्याची सोय) आहे आणि त्याने ६४ जीबीपर्यंत रॅम चालते.

सांजवारा: ती मर्यादा संपूर्ण यंत्राच्या रॅमची झाली. पीएई असले तरी प्रत्येक प्रोग्रामला दिसणारे पत्ते ३२ बिटांचेच राहतात.

नदीकाठ: मग लिनक्स घ्या, तिथे ३२ बिटांतही प्रोग्रामला ३ जीबी मिळतात.

गावनकाशा: प्रोग्राम विंडोजचाच आहे, आणि स्कॅनरचा ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही. हे आधी सांगायला हवे होते.

सांजवारा: तर मग बीसीडीएडिट या विंडोजच्या आज्ञेने ‘इन्क्रीजयूझरव्हीए’ (प्रोग्रामच्या वाट्याचे पत्ते, एमबीत) ३०७२, म्हणजे ३ जीबी करा, आणि मूळ फाइलची प्रत काढून ठेवून एडिटबिन या साधनाने प्रोग्रामवर ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’ (२ जीबीपुढचे पत्ते चालतात) ही खूण लावा. दोन्ही केल्याशिवाय उपयोग नाही, कारण खूण नसलेल्या प्रोग्रामला ६४ बिट विंडोजही २ जीबीच देते.

गावनकाशा: मनापासून आभार, बावीसही तुकडे उघडले! मात्र अखंड नकाशा जतन करताना पुन्हा तोच संदेश आला.

सांजवारा: जतन करताना बहुधा प्रोग्राम सगळा नकाशा एका सलग जागेत मांडू पाहत असेल. पत्त्यांमध्ये जागोजागी डीएलएल (प्रोग्रामला लागणाऱ्या जोड-फाइली) बसलेल्या असतात, म्हणून एवढी मोठी सलग जागा सापडत नाही. अकरा-अकरा तुकड्यांचे दोन नकाशे वेगवेगळे जतन करा आणि छापताना शेजारी लावा.